मालकाची उचल

दुकानाचा पैसा वेगळा आणि घरचा पैसा वेगळा ठेवावा, हे तत्त्व नांदेड-लातूरकडच्या प्रत्येक दुकानदाराला मान्य आहे. इतके मान्य आहे की शेजारच्याचे दुकान का बसले हे सांगताना तो पहिले कारण हेच देतो. सांगता सांगता गल्ल्यातून दोनशे रुपये काढून पोराच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "जा, गाडीत पेट्रोल टाकून ये." हे पेट्रोल दुकानाचे की घरचे, हा प्रश्न त्याला पडत नाही. गाडी एकच आहे.

गल्ला म्हणजे दुकानदाराच्या उजव्या हाताला लागणारा खण. वरच्या कप्प्यांत चिल्लर असते, खाली नोटा असतात. नोटांच्या खाली लाइट बिल, दोन लग्नपत्रिका, विम्याच्या हप्त्याची पावती, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, तुळजापूरहून आणलेल्या कुंकवाची पुडी आणि धाकटीच्या शाळेचे फीचे कार्ड. हा खण उपडा केला तर त्यातून एका संसाराचे सगळे सामान बाहेर पडेल. दुकानाचे काय, हे मात्र वेगळे निवडावे लागेल, तांदळातून खडे निवडावेत तसे.

दिवसाच्या हिशेबात या खणाचे दोन काळ असतात, बोहनीच्या आधीचा आणि बोहनीच्या नंतरचा. शटर वर गेले, उंबऱ्यावर पाणी शिंपडले, उदबत्ती ओवाळून झाली, की पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत गल्ला निखळ दुकानाचा असतो. त्या वेळात उधारी मिळत नाही, सुटे मिळत नाहीत, आणि घरचे लेकरू रिक्षावाल्याचे पैसे मागायला आले तर त्यालाही "बोहनी होऊ दे, थांब" असे सांगून खांबापाशी उभे केले जाते. जगभरच्या लेखापालांना मालक आणि व्यवसाय यांच्यामध्ये जी भिंत हवी असते, ती या पंधरा-वीस मिनिटांत लातूरच्या गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवर उभी असते. मग कोणीतरी दहा रुपयांचा चहापत्तीचा पुडा घेतो, दुकानदार ती नोट कपाळाला लावतो, आणि भिंत पडते. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पडलेलीच राहते.

पुस्तकात या सगळ्याला नाव आहे. मालक वेगळा, व्यवसाय वेगळा. मालकाने व्यवसायातून स्वतःसाठी पैसा किंवा माल घेतला तर त्याला उचल म्हणायचे आणि ती उचल खात्याच्या नावे टाकायची. घरी नेलेली साखर विक्री धरायची नाही, खरेदीच्या भावाने उचल धरायची. लातूरच्या कॉमर्सच्या पोराला हे अकरावीतच पाठ असते. नोंद विचारली तर तो झोपेतही सांगेल. तोच पोरगा संध्याकाळी वडिलांच्या जागी दोन तास बसतो, गल्ल्यातून साठ रुपये काढतो, कोपऱ्यावरच्या गाड्यावर निलंगा राईस खातो आणि परत येऊन उद्याच्या पेपरसाठी उचल खात्याचा अभ्यास करतो.

गंमत अशी की उचल हा शब्द मराठवाड्यात कोणाला शिकवावा लागत नाही. आडत दुकानात शेतकऱ्याला पेरणीला, बाजाराला, दवाखान्याला दिलेले पैसे म्हणजे उचल. ती तारखेनिशी वहीत चढते आणि माल आला की पट्टीतून कापली जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाने दिलेली ती उचल, आणि ती फेडल्याशिवाय सुटका नाही. दुकानातल्या नोकराने पोळ्याला पाचशे रुपये मागितले, तर मालक देतो, आणि देताना कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहितो. थोडक्यात, दुकानातून पैसा उचलणाऱ्या प्रत्येकाचे नाव कुठे ना कुठे लिहिलेले असते. राहतो तो एकच माणूस, आणि सगळ्यांत जास्त वेळा हात घालणारा तोच.

हा दोष फक्त इकडचा आहे असे नाही. १४९४ मध्ये व्हेनिसला लुका पाचोलीचा गणितावरचा जाडजूड ग्रंथ छापला गेला. त्यात व्यापाऱ्यांच्या दुहेरी नोंद पद्धतीवर एक भाग आहे. त्या भागात हा ख्रिस्ती साधू व्यापाऱ्याला बजावतो की घरखर्चाचे खाते स्वतंत्र ठेव, आणि किरकोळ, अवांतर खर्चाचेही ठेव, ज्यात खेळात हरलेले पैसेसुद्धा लिहिता येतील. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीही व्यापारी पत्ते कुटत होते आणि पैसे दुकानाचे हरत होते. फरक इतकाच की तिथल्या शिस्तीत जुगाराला खाते होते. आपल्याकडे तिरटात गेलेला पैसा 'वसुलीला गेलो होतो' या सदरात मोडतो आणि सदर तोंडी असते.

घरच्या मातीतला दाखला तर याहून कडक आहे. पैठणचे एकनाथ देवगिरीच्या किल्ल्यावर गुरू जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम पाहत असताना एका पैची चूक लागली. ती शोधण्यात त्यांनी रात्र जागून काढली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी आख्यायिका आहे. सप्ताहाच्या कीर्तनात ही गोष्ट आली की धान्याच्या मोंढ्यातला अर्धा मंडप मान डोलावतो. त्यानंतर आरतीचे ताट फिरते, आणि त्यात पडणारी शंभराची नोट संध्याकाळी निघताना गल्ल्यातून घेतलेली असते. ती ना दुकानाच्या वहीत असते, ना घरच्या. पुण्य कोणाच्या खात्यावर जमा झाले असेल, हा प्रश्न हिशेबनिसांच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता असे कोणी म्हणेल की दोन प्रकारचा पैसा वेगवेगळा सांभाळणे या भागातल्या माणसाच्या अंगातच नाही. इतिहास उलटी साक्ष देतो. नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाचा रुपया स्वतःचा होता. त्याला म्हणत हाली. इंग्रजी अमलातला रुपया तो कलदार. हिशेब असा की सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. सोलापूरकडून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला कलदार मोजावे लागत, गावात विकताना हाली मिळत. अशा बाजारात व्यवहार ठरवताना रुपये कोणते, हे आधी बोलले जाई, कारण विसरले तर सातातला एक जाई. विलीनीकरणानंतरच्या दशकात हाली चलनातून गेला. म्हणजे आजच्या दुकानदाराचा आजोबा दोन सरकारांचे दोन रुपये मनातल्या मनात वेगळे ठेवून रात्री निवांत झोपत होता. नातवाला एकाच सरकारचा रुपया दोन घरांत वाटता येत नाही.

बरे, नातवालाही फरक कळत नाही असे समजू नये. फरक त्याला चांगला कळतो. फक्त तो सोयीने कळतो. महावितरणच्या हिशेबात घरगुती विजेचा दर वेगळा आणि व्यापारी विजेचा वेगळा, व्यापारी महाग. घराला लागून दुकान असेल तर फ्रिज, बल्ब आणि पंखा यांची वायर मागच्या भिंतीतून घरच्या मीटरवर जाते, आणि विचारले तर उत्तर मिळते, "घरच हाय हो हे, दुकान कुठंय, दोन डबे ठेवलेत." गॅसचेही तसेच. घर आणि धंदा यांच्यातली सीमारेषा सरकारने एका ठिकाणी चक्क किलोत सांगून टाकली आहे, घरगुती टाकी १४.२ किलोची आणि व्यापारी १९ किलोची. भज्यांच्या गाड्यावर मात्र टाकी लहानच दिसते आणि तिच्यावर गोणपाट टाकलेले असते. आता हाच माणूस कार घेतो. कार कर्जाने, हप्ता दुकानातून, नाव दुकानाचे, सीएला फोन: "घसारा धरा पूर्ण." ती कार महिन्यातून एकदा मोंढ्यात जाते, दोनदा तुळजापूरला, एकदा मेहुण्याच्या गावी आणि उन्हाळ्यात तिरुपतीला. वीज आणि गॅस घरचे, कार दुकानाची. रेषा आहे, ठळक आहे, ती फक्त खडूने आखलेली आहे आणि खडू मालकाच्या हातात आहे.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की घर दुकानाला खाते आणि तेवढाच हा आजार आहे. सल्ले देणारे सगळे याच गृहीतावर चालतात: मालकाने उधळपट्टी थांबवावी, गल्ल्यात हात घालू नये. हे निदान अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर लातूरची मेस बघावी.

लातूर पॅटर्नच्या नावाने बाहेरगावची पोरे या शहरात बारावीला, नीटला येतात. त्यांच्या क्लासभोवती वसतिगृहे, झेरॉक्सची दुकाने आणि मेस असे एक दुसरेच गाव वसलेले आहे. समजा, एका जोडप्याने चार खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या दोन खोल्यांत मेस, मागच्या दोन खोल्यांत नवरा, बायको, दोन मुले आणि आजी. साठ पोरे, महिना तीन हजार रुपये, म्हणजे एक लाख ऐंशी हजार आले. किराणा, भाजी, दूध मिळून एक लाख पंधरा हजार गेले. गॅस चौदा हजार. घरभाडे बावीस हजार. पोळ्या लाटायला दोन बाया, प्रत्येकी नऊ हजार. उरले अकरा हजार. नवऱ्याला विचारले तर तो म्हणतो, "सुटतं काहीतरी." बायकोला विचारले तर ती म्हणते, "काही सुटत नाही." दोघेही खरे बोलतात, कारण दोघे वेगवेगळ्या धंद्यांबद्दल बोलतात.

आता मेस आणि घर वेगळे करू. एक लाख पंधरा हजारांच्या शिध्यात साठ पोरे जेवली तशी घरची पाच माणसेही दोन्ही वेळ जेवली. पासष्टांतले पाच, म्हणजे जवळपास नऊ हजार रुपये मेसने घराला दिले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. (गावाकडून दवाखान्यासाठी आलेले आणि आठ दिवस राहिलेले पाहुणे यात धरलेले नाहीत. ते कधीच धरले जात नाहीत.) ते नऊ हजार मिळवले तर मेसची कमाई अकरा नाही, वीस हजार. नवरा जिंकला. पण थांबा. नवरा पहाटे पाचला भाजी आणायला जातो आणि रात्री दहाला भांडी मोजतो. बायको त्याच्याही आधी उठते. या दोघांना पोळ्या लाटणाऱ्या बाईइतकीच मजुरी धरली, फक्त नऊ-नऊ हजार, तर अठरा हजार गेले. राहिले दोन हजार. आणि मागच्या खोलीत बसून आजी रोज पाच किलो मेथी निवडते आणि लसणाच्या पाकळ्या सोलते. तिला रोजचे शंभर रुपये द्यायचे म्हटले की मेस तोट्यात. शिवाय सगळे भाडे मेसच्या नावावर टाकले होते. मागच्या दोन खोल्यांत माणसे राहतात, त्याचे अकरा हजार घराने द्यायला हवेत. ते घेतले की मेस पुन्हा फायद्यात. एवढे झाल्यावर कळते की धंदा बरा चालला आहे, भाड्याची जागा महाग पडते आहे, आणि फुकट राबणाऱ्या आजीची तब्येत ही या व्यवसायातली सर्वांत मोठी जोखीम आहे. यातली एकही गोष्ट 'सुटतं काहीतरी' मध्ये दिसत नव्हती.

तेव्हा मूळ अडचण चोरीची नाही. घर दुकानाला पोसते की दुकान घराला, हेच कोणाला माहीत नसते, आणि पुष्कळदा उत्तर अपेक्षेच्या उलट निघते. दिवाळीचा माल भरायला बायकोच्या पाटल्या बँकेत सोनेतारण होतात. दुकान ते सोने वर्षभर वापरते आणि त्याचे व्याज घरखर्चातून जाते. गावाकडच्या सोयाबीनची पट्टी आली की ती गल्ल्यात पडते आणि त्या महिन्यात दुकान 'चांगलं चाललं' अशी बातमी पसरते. तालुक्याच्या गावी मोबाइलची, फोटो स्टुडिओची, फ्लेक्स प्रिंटिंगची अशी दुकाने आहेत ज्यांचा खरा आधारस्तंभ जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. बाईंचा पगार एक तारखेला होतो आणि दोन तारखेला दुकानाचे भाडे भरले जाते. पाटीवर प्रो. प्रा. म्हणून नाव नवऱ्याचे, फोटोही त्याचाच. बाईंचे नाव पाटीवर फार तर तेव्हा येते जेव्हा महिलांसाठीच्या कर्जात सवलत असते.

दुष्काळातही घर आणि धंदा असेच मिसळले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हॉटेलवाले आणि मेसवाले खासगी टँकर विकत घेत. एक टँकर दारात आला की पाइप आधी हॉटेलच्या टाकीत जाई, मग तोच पाइप मागच्या घराच्या हौदात. पाण्याला मालक कळत नाही हे ठीक. पण टँकरवाल्याची पावतीही एकच होई, आणि त्या साली अनेक हॉटेलांचा पाण्याचा खर्च इतका का होता, याचे उत्तर मागच्या अंगणातल्या हिरव्यागार तुळशीपाशी सापडले असते.

मोबाइलवरून पैसे येऊ लागल्यावर हा गुंता सुटेल असे वाटले होते, कारण आता प्रत्येक रुपयाची नोंद आपोआप होते. तो सुटला नाही, त्याचा आवाज वाढला. काउंटरवर क्यूआर कोडची पाटी असते, तिच्याजवळ एक डबा असतो आणि तो "चाळीस रुपये प्राप्त झाले" असे साऱ्या गल्लीला सांगतो. कुठे प्राप्त झाले, हे तो सांगत नाही. पुष्कळ दुकानांत ते पुण्यात प्राप्त होतात, कारण पाटी लावून देणारा मुलगा इंजिनिअरिंगला तिकडे आहे आणि त्याने घाईत स्वतःचेच बचत खाते जोडले. महिन्याच्या शेवटी तेलाच्या एजंटाला पैसे द्यायची वेळ आली की फोन होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, थोडे खर्च झाले, सबमिशन होतं." शेंगदाणा तेलाची विक्री अशा रीतीने पुण्यातल्या सबमिशनमध्ये जिरते. इकडे डब्याने सगळी रक्कम गल्लीभर ओरडून सांगितलेली असल्यामुळे समोरच्या दुकानदाराला मालकापेक्षा विक्रीचा आकडा जास्त नक्की ठाऊक असतो.

कायदा या विषयात थोडा विचित्र वागतो. एकट्या मालकाच्या दुकानाला कायदा वेगळा जीव मानत नाही. पॅन एकच, देणी एकच. दुकान बुडाले तर देणेकरी घराच्या दारापर्यंत येऊ शकतो. वेगळेपण हवे तर कंपनी काढावी लागते. लंडनचा चामड्याचे बूट करणारा ॲरन सॉलोमन याने तेच केले. कंपनीच्या २०,००७ शेअरपैकी २०,००१ स्वतःकडे ठेवले आणि उरलेले सहा बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक वाटले. कंपनी बुडाली, देणेकरी म्हणाले ही कंपनी कसली, हा तर सॉलोमनच आहे. १८९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. भारतासह अनेक देशांचा कंपनी कायदा आजही या निकालावर उभा आहे. भारतात तर २०१३ च्या कायद्याने एकाच माणसाची कंपनीही काढता येते, बायकोमुलांना एकेक शेअर देण्याचीही गरज उरलेली नाही. पण नांदेडच्या इतवाऱ्यातल्या बुटांच्या दुकानदाराला हे सांगितले तर त्याचा प्रश्न ठरलेला असतो: मग गल्ल्याची किल्ली कोणाकडे राहणार?

जीव वेगळा मानला नाही तरी कर घेताना सरकार खर्च वेगळे मानते. घरखर्च नफ्यातून वजा होत नाही. कार दोन्हीकडे फिरत असेल तर धंद्यापुरताच वाटा धरता येतो, तिरुपतीचा नाही. घरी नेलेल्या साबणावर भरलेल्या जीएसटीची वजावट मागता येत नाही. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांहून जास्त रोख मोजली तर तो खर्च सहसा मान्य होत नाही. मात्र छोट्या धंद्यासाठी आयकरात एक सोय आहे: उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर सहा टक्के, इतका नफा झाला असे धरून कर भरा, वह्या दाखवू नका. सोय चांगली आहे. तिचा परिणाम असा झाला की नफा किती हे सरकारनेच ठरवून टाकल्यामुळे तो खरोखर किती हे शोधण्याची दुकानदाराची शेवटची गरजही संपली.

बँकेचे मन त्याहून हळवे. माल भरण्यासाठी म्हणून ती सीसी देते, म्हणजे गोदामातल्या मालावर उचलायचे खेळते कर्ज. दर महिन्याला मालाचा तक्ता द्यायचा असतो. तक्त्यात साखर आणि डाळ असते. गोदामात जागा असते. साखरेचे पैसे शहराबाहेर बायपासला लागून एका प्लॉटच्या रूपाने पडलेले असतात, चारी कोपऱ्यांना दगड रोवून. प्लॉटचा भाव वाढतो हे खरे. पण तो किलोकिलोने विकता येत नाही, आणि दिवाळी तोंडावर आली की साखर रोखीने आणावी लागते. मोंढ्यात जी मोठी पेढी 'अचानक' बसली असे सांगतात, तिच्या मागे पुष्कळदा असे चार दगड असतात, नाहीतर एक लग्न असते. लग्नाचे वेगळे प्रकरण करण्याची गरज नाही. मंडपवाला, आचारी, बँड हे सगळे दुकानाच्या ओळखीचे असतात, आणि पाहुणेही.

वेगळे करण्याचे प्रयत्न होतात, आणि ते बहुधा लक्ष्मीपूजनाला होतात. त्या दिवशी लाल पुठ्ठ्याच्या दोन वह्या येतात. दोन्हींवर स्वस्तिक काढले जाते, हळदकुंकू वाहिले जाते. पहिली दुकानाची, ती चालते. दुसरी घरची, तिच्या पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्यावर पाच दिवसांचे दूध, तिसऱ्यावर मुलीने काढलेली रांगोळी आणि चौथ्यावर गॅस एजन्सीचा नंबर. पुढची पाने पुढच्या दिवाळीत चिवडा ठेवायला लागतात. दुसरी पद्धत खिशांची. शर्टाचा वरचा खिसा घरचा, पँटचा दुकानाचा. ही पद्धत मंगळवारपर्यंत टिकते, कारण बुधवारी शर्ट धुवायला जातो.

टिकलेली पद्धत तिसरीच आहे आणि ती पुरुषांनी शोधलेली नाही. बचत गटातल्या बायकांना नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लिहिणे ही पंचसूत्री तोंडपाठ असते. गटाचे पैसे घरातल्या पेटीत असतात आणि घरात मीठ संपले तरी त्या पेटीला हात लागत नाही. शेवया-पापड, मसाला, पिठाची गिरणी असे उद्योग करणाऱ्या बायका नफ्याबद्दल विचारले तर आकडा सांगतात. त्याच घरातला नवरा आपल्या दुकानाबद्दल 'सुटतं काहीतरी' म्हणतो. जिथे गल्ल्याची किल्ली आणि घरखर्चाची जबाबदारी एका बाईकडे आली, तिथे तिने पहिले काम केले ते नवऱ्याला पगार लावण्याचे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, त्यात घर चालवायचे, संपली तर पुढच्या तारखेपर्यंत चहा कमी. दुसरे काम तिने खतावणीत घराच्या नावाने पान उघडण्याचे केले. घरी नेलेली साखर, साबण, तेल तिथे खरेदीच्या भावाने लिहायचे आणि महिनाअखेरीस पगारातून चुकते करायचे. पहिल्या वर्षी बहुतेकांना एकच गोष्ट कळते: गल्लीतल्या बुडव्या गिऱ्हाइकांची यादी करायची झाली तर पहिले नाव घरचे येते.

उरलेले काम बँकेतले, आणि ते अर्ध्या दिवसाचे आहे. दुकानाच्या नावाने चालू खाते उघडायचे. त्यावर व्याज मिळत नाही आणि किमान शिल्लक ठेवावी लागते, म्हणून दुकानदाराला ते तोट्याचे वाटते. पण बचत खात्यावर धंदा चालवू नये असा नियमच आहे. क्यूआर कोड या खात्याला जोडायचा आणि पुण्याचा काढायचा. खाते उघडायला मालकाचे आधार आणि पॅन लागते, दुकान आहे याचे शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, जीएसटी यांपैकी सहसा दोन दाखले लागतात, आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. फोटो काढायला जाताना पैसे गल्ल्यातून घ्यायला हरकत नाही. ते दुकानाच्या नावे लिहावेत. आठ निघतात, उरलेले सहा घरी लागले, तर त्यांचे घराच्या पानावर.